टेंबलाईचं आवतण

टेंबलाईच्या रुसव्याची गोष्ट मी आयुष्यात कितीदा सांगितली असेल, देव जाणे. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या जुन्या गोष्टी सांगत फिरायला लागले. शाळा बोलावतात, महिला मंडळं बोलावतात. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सगळ्यांना आवडते. हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो, तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो आणि ज्या दिवशी तळ्यात उतरेल त्या दिवशी जग बुडेल. पोरं विचारतात, "बाई, मग अजून किती राहिलंय?" मी म्हणते, "तुमची वार्षिक होईपर्यंत काही होत नाही, गप अभ्यास करा." हशा पिकतो. मला तो हशा लागतो, कारण घरी गेल्यावर हसणारं कुणी नाही.

घरात मी एकटी. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली. मुलगा परगावी नोकरीला, दर रविवारी फोन करतो, "जेवलीस का" विचारतो, मी "जेवले" म्हणते. खरं तर रविवारी मी सकाळचंच रात्री खाते. एका माणसासाठी कोण दोनदा चूल पेटवणार? कधी कधी दिवस दिवस माझा आवाज फक्त दूधवाल्याच्या कानावर पडतो. मग चिडून रेडिओशी भांडते, बातम्या देणाऱ्या बाईला म्हणते, "अगं, नीट उच्चार कर की!" ती काही ऐकत नाही.

तर टेंबलाईची गोष्ट. आमच्याकडं शेंबडं पोरही ती सांगेल, पण परगावच्यांसाठी सांगते. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. त्याच्या पोराच्या मनात सूड होता. त्यानं एका ऋषीचा योगदंड पळवला आणि त्या दंडाच्या जोरावर अंबाबाईसकट सगळ्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. तिची धाकटी बहीण टेंबलाई तेवढी त्या वेळी तिथं नव्हती. तिनं त्या पोराला गाठून मारला, दंड काढून घेतला आणि सगळ्यांना पुन्हा देवपण दिलं. मग काय, मोठा सोहळा झाला, पंगती बसल्या. आणि जिनं सोडवलं तिलाच बोलवायचं राहिलं. टेंबलाई उठली, गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली, गावाकडं पाठ करून. अजून तशीच आहे. दरवर्षी ललितापंचमीला अंबाबाई पालखीत बसून, सगळा लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला जाते.

ही गोष्ट सांगताना मी नेहमी अंबाबाईची बाजू घ्यायचे. "एवढा पसारा, एवढं काम, राहिलं एखादीला सांगायचं! त्यात एवढं रुसायचं काय?" असं म्हणून हातवारे करायचे. बायका हसायच्या. प्रत्येकीच्या घरात एक रुसलेली नणंद नाहीतर जाऊ असतेच.

माझ्या घरात रुसलेली बहीण होती. धाकटी. मलकापूरच्या पुढं एका वाडीत दिलेली, शेतकऱ्याच्या घरात. मी शिकले, मास्तरीण झाले, ती सातवीतून शाळा सोडून म्हशींच्या मागं गेली. नऊ वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

झालं असं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माझी नोकरीची थोडी वर्षं राहिली होती, रजा संपत आलेली, मुलगा शिकत होता. मी कुणाला बोलावलं नव्हतं. धाकटीच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका पिशवीत दोन लुगडी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आक्का, तू शाळंला जा. दाजींचं मी बघते."

अडीच महिने राहिली. तिकडं भाताची सुगी चालू होती, ती जावेवर टाकून आली. सकाळ-संध्याकाळ तेल चोळायची, घास भरवायची, "दाजी, म्हणा आ, म्हणा ई" करत त्यांना बोलायला लावायची. त्यांचा हात आपल्या खांद्यावर टाकून अंगणात एक एक पाऊल चालवायची. डॉक्टर म्हणाले होते, उठतील तेवढं खरं. हिनं उठवलं. अंबाबाईला नवसही तीच बोलली, "दाजी चालाय लागलं की गोंधळ घालू." ते चालायला लागले तशी ती वाडीला परतली आणि चार महिन्यांनी आम्ही गोंधळ घातला.

बोलवायची यादी आम्ही दोघांनी बसून केली. ते अडखळत नावं घेत होते, मी लिहीत होते. चुलत, मावस, शाळेतल्या बाई, गल्लीतली घरं. आमच्याकडं असल्या कार्याला नुसता फोन करून चालत नाही. घरी जाऊन कुंकू लावायचं, हातावर अक्षत ठेवायची, मग ते आवतण. मी पायाचे तुकडे पडेस्तोवर घरोघर फिरले. धाकटीचं नाव यादीत नव्हतं. माझंही नव्हतं, मुलाचंही नव्हतं. घरच्यांची नावं कोण लिहितं? ती येणारच, असं मी धरून चालले. आदल्या दिवशी येईल, पुरणाचं बघेल, हेसुद्धा मनात होतं.

ती आली नाही. दीडशे पान उठलं, गोंधळी रंगले, मी पळत होते. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तोही तापूनच. "का आली नाहीस गं? लोक विचारत होते." ती म्हणाली, "आवतण न्हवतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुला कसलं आवतण? तू काय परकी हायस व्हय?" असं फटकन बोलले. मग ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी फोन केले, ती उचलायची नाही. दोन-तीनदा झाल्यावर मीही म्हटलं, जा तिकडं! मोठी मी आहे की तू? मी काय पाय धरू? मला राग लवकर येतो आणि उतरायला फार वेळ लागतो.

नवरा आणखी चार वर्षं जगला. तो गेला त्या दिवशी ती आली. मयताला आवतण लागत नाही. त्यांच्या पायांपाशी बसून हंबरडा फोडून रडली, "दाजी, दाजी" म्हणत त्यांच्या तळव्यांना हात लावत राहिली. मी समोर बसले होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. न्यायच्या वेळी बाजूला सरली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेली. तेराव्याचा निरोप मुलानं सगळ्यांना मोबाईलवर धाडला, तिच्या घरीही तोच निरोप. ती आली नाही.

मग घर जे गप्प झालं ते झालं. मला वाटायचं, मी गोष्टी सांगणारी बाई, मला माणसांची काय कमी? पण गोष्ट ऐकणारी माणसं गोष्ट संपली की चपला शोधतात. लहानपणी रानातून येताना धाकटी माझा पदर धरून चालायची आणि मी काहीही थाप मारली की म्हणायची, "आक्का, खोटं बोलतीस की!" मला तसं म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, आता लिहिते आहे तेवढंच.

गेल्या वर्षीची गोष्ट. शहरातल्या एका महिला मंडळात मी टेंबलाई सांगत होते. नेहमीसारखे हातवारे, नेहमीसारखा हशा. शेवटी कुणी काही विचारायचं का म्हटल्यावर मागच्या ओळीतली एक वयस्क बाई उठली. डोक्यावर पदर, हातात मंडळाचा चहाचा कप. म्हणाली, "बाई, अंबाबाईचं डोकं कामात हुतं, मान्य. पन त्या शेळ्या-मेंढ्या झालेल्या देवांनी पंगतीत बसल्यावर कुणीच इचारलं न्हाय व्हय, आपल्याला सोडवली ती कुठं हाय म्हणून?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. घरी आले, कुलूप काढलं आणि चप्पल न काढता खुर्चीत बसले. कारण एकानं विचारलं होतं. गोंधळाच्या दिवशी पंगत चालू असताना माझा नवरा भिंतीला धरून धरून स्वयंपाकघराच्या दारात आला होता. जीभ अजून जड होती. म्हणाला, "धाक...टी दिसली न्हाय." मी भाताची पातेली उचलत होते. म्हटलं, "असेल आत. तुम्ही बसा बघू." मला तेव्हाच माहीत होतं की ती आत नाही. सकाळपासून मला ते माहीत होतं. एक माणूस गाडी घेऊन पाठवला असता तर दोन तासांत आली असती. पण कामात होते आणि मनातून चिडलेही होते, पुरणाला आली नाही म्हणून. आठ वर्षं मी लोकांना सांगत आले की बोलवायचं राहिलं. राहिलं नव्हतं. वेळ होती आणि मी ती घालवली.

त्या संध्याकाळी मी रडले. चांगली मोठ्यानं रडले. ऐकायला कोण होतं?

ठरवलं, जायचं. कुंकू, अक्षत घेऊन रीतसर जायचं. पण आवतण द्यायचं तरी कशाचं? माझ्या घरात आता कार्य कुठलं? मुलाचं लग्न त्यानं तिकडंच नोंदणी करून उरकलं. वास्तू नाही, बारसं नाही. एकट्या बाईकडं बोलवायला काही उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. असे महिने गेले आणि आषाढ आला. आषाढात आमच्याकडं टेंबलाईची जत्रा असते. गल्लीगल्लीतून पोरी पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन टेकडीवर जातात, पुढं पिपाणी-ढोलाचं पी ढबाक वाजत असतं आणि मग घरोघर मटणाचं जेवण. ज्याच्या त्याच्या घरी पै-पाहुणे. मला शेजारून डबा येतो. म्हटलं, यंदा आपणच करू. जत्रेचं आवतण.

मलकापूरची एस्टी धरली, तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं वाडीच्या फाट्यापर्यंत आणि पुढं चालत. पाऊस धरून होता. धाकटीच्या घराला कडी. शेजारणीनं सांगितलं, सगळी लावणीला गेल्यात. बांधाबांधानं, एका हातात छत्री, एका हातात नारळ-कुंकवाची पिशवी, चपला काढून बगलेत, अशी मी पासष्टीची बाई घसरत घसरत त्यांच्या वावरावर पोचले. दहा-बारा बायका डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन चिखलात ओणव्या, रोप लावत होत्या. एकमेकींच्या शेतावर पैऱ्यानं जाणाऱ्या, त्यामुळं सगळी वाडीच तिथं. धाकटीला मी पाठीवरून ओळखलं.

तिची सून ओरडली, "अगं बया, मावशी! सासूबाई, मावशी आल्यात बघा."

"दिसतंय," धाकटी म्हणाली. मान वर केली नाही.

मी म्हटलं, "जरा बांधावर ये. बोलायचंय."

"हितंच बोल. हात मोकळा न्हाय."

"अगं, मी एवढा चिखल तुडवत आले..."

"मग? कुणी आवतण धाडलंवतं?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाटलं, नारळ बांधावर आपटावा आणि चालू लागावं. वळलेसुद्धा. पण वळून जायचं कुठं, तर त्या कुलूपबंद घरात. मी परत फिरले.

"जत्रा हाय मंगळवारी," मी म्हटलं. "आवतण द्यायला आलेय."

"कोण कोण येणार?"

"तू. आणि मी."

तेव्हा ती सरळ उभी राहिली. केस पांढरे झाले होते, चेहरा उन्हानं रापून आत ओढला होता. म्हणाली, "दोघींतच असंल तर मग मला बोलावलंय ते कळायचं कुणाला? न बोलावलेलं समद्यांला कळलंवतं. माझ्या जावंला कळलं, वाडीला कळलं. पाटं उठून जरीचं नेसून सोप्यात बसलेवते मी, पिशवी भरून. आक्का गाडी धाडंल, न्हायतर दाजी फोन करतील. जाऊ दर घडीला इचारायची, गाडी कवा येणार गं? दिवस मावळला तवा लुगडं सोडलं आन् म्हशीच्या धारंला गेले. त्येच्यावर वरीसभर ऐकलं मी. आता बोलवायचं तर समद्यांत बोलव."

पाऊस पडत होता आणि कुणी हसत नव्हतं. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती नेसून बसली होती! दिवसभर! मी तिला परकी हायस का विचारलं होतं.

छत्री बांधावर ठेवली. तीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज काढला. म्हटलं, "बायांनो, माझ्या नवऱ्याला हिनं मरणातून उठवला. अडीच महिने माझ्या घरात राबली. आणि गोंधळाला मी गावाला बोलावलं, हिला बोलावलं नाही. विसरले नव्हते. घरचीच आहे, तिला काय सांगायचं, असा माज होता. नवऱ्यानं विचारलं तरी मी माणूस धाडला नाही. चुकलं माझं."

"मोठ्यानं," धाकटी म्हणाली. "त्या पल्याडच्या म्हातारीला कमी ऐकू येतंय."

"चुकलं माझं!" मी ओरडले. आवाज फाटला. पल्याडच्या म्हातारीनं मान डोलावली.

मग साडी वर खोचून चिखलात उतरले. पोटरीपर्यंत पाय गेले. तिचे हात चिखलानं भरलेले, म्हणून अक्षत तिच्या डोक्यावर टाकली. कपाळ पावसानं ओलं, कुंकू ओघळलं, दोनदा लावावं लागलं. नारळ सुनेकडं दिला. धाकटी एवढंच म्हणाली, "जा आता. एस्टी चुकंल." येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही.

मंगळवारी मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागले. तांबडा, पांढरा, सुकं, वड्या, भाकरी. दोन ताटं घासूनपुसून मांडली. गल्लीतून पी ढबाक गेलं, पोरी घागरी घेऊन गेल्या, मी खिडकीतून हात जोडले आणि पुन्हा दाराशी येऊन बसले. चांगली इरकल नेसले होते. बारा वाजले. एक वाजला. शेजारीण दोनदा डोकावून गेली, "पाहुण्या आल्या नाहीत का हो अजून?" असं विचारून. रस्त्यावर रिक्षा थांबली की उठायचे आणि बसायचे. तीन वाजता धाकटीच्या सुनेचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, सासूबाई सकाळपासनं नेसून बसल्यात बघा. पन निघंनात. मी म्हटलं, मावशी वाट बघत असतील. तर म्हणत्यात, बसू दे तिलाबी जरा."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिले. दुखलं, फार दुखलं, पण तिचा राग आला नाही. सगळं झाकून फ्रीजमध्ये ठेवलं. अंधार पडला तरी दिवा लावायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी जुन्या साडीत, केस न विंचरता भांडी घासत होते. दाराची कडी वाजली. दूधवाला उशिरा आला असेल म्हणून तशीच ओल्या हातांनी दार उघडलं. धाकटी उभी होती. रोजचं लुगडं, पायाला कुठं कुठं चिखल, हातात पिशवी.

"काल बोलावलंवतंस, म्हणून न्हाय आले," ती म्हणाली. "आज कुणी बोलावलं न्हाय. आत घेतीस का जाऊ?"

मी दाराला धरून तशीच उभी राहिले. तिनंच मला बाजूला सारलं, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि मोरीत जाऊन पाय धुवायला लागली. आतून म्हणाली, "आक्का, कालचं कायतर उरलं असंल की. गरम कर. भूक लागलीया."